निविदा वाचता येते? मग हे काम तुमच्यासाठी आहे

वसई, नालासोपारा किंवा विरारमधल्या आईवडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकाच साच्यातला असतो. मुलगी इंजिनीअर झाली, मुलाने बीएस्सी आयटी केलं. आता रोज लोकलने अंधेरी-पवईला जाऊन खासगी नोकरी करायची, की दोन-तीन वर्षं घरी बसून एमपीएससीचा अभ्यास करायचा? या दोहोंच्या मधे एक काम आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकात ते छापलेलं नसतं, म्हणून घरात त्याचं नावही निघत नाही. सरकारी कार्यालयांना, महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपन्यांमध्ये निविदा, प्रस्ताव आणि अनुदान सांभाळण्याचं हे काम. जाहिरातीत त्याला टेंडर एक्झिक्युटिव्ह, बिड मॅनेजर, प्री-सेल्स किंवा प्रपोजल रायटर अशी नावं असतात. सरकारबद्दल कुतूहल आणि कागद वाचण्याची चिकाटी असलेल्या मुलांनी याचा गंभीरपणे विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी हे पाहा की आपली महापालिका विकत काय घेते. वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी स्थापन झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या अनेक ग्रामपंचायती तिच्यात आल्या. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे होती. एवढ्या घरांची मालमत्ता कराची आकारणी, पाणीपट्टीची बिलं, जन्म-मृत्यूचे दाखले, बांधकाम परवानग्या, तक्रारी हे सगळं कुठल्या ना कुठल्या संगणक प्रणालीवर चालतं. कचरागाड्यांवर जीपीएस लागतं, जलवाहिन्यांवर प्रवाहमापक लागतात, चौकात कॅमेरे लागतात. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून वसई-विरारसाठी दिवसाला 185 दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे. इतकं पाणी आलं की ते कुठे जातं, कुठे गळतं हे मोजणं आलं, आणि मोजायला यंत्र आलं. जुलै 2018 च्या पावसात शहर पाण्याखाली गेलं, रेल्वे ठप्प झाली. त्यानंतर पूर का येतो हे शोधायला महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांची मदत घेतली. अशा अभ्यासातून नाल्यांचं सर्वेक्षण, नकाशे, पातळी मोजणारी उपकरणं अशा खरेदीच्या गरजा पुढे येतात. यातलं काहीच महापालिका स्वतः बनवत नाही.

कोण बनवतं, याचं आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच नागरी सुविधा केंद्र संगणकावर आणलं. एबीएम नॉलेजवेअर या मुंबईच्या कंपनीने ते काम केलं, आणि पुढे राज्यातल्या इतर नागरी संस्थांसाठी तो नमुना ठरला. त्या कंपनीच्या कामगिरीत प्रोग्रामरचा वाटा आहेच. पण करआकारणीचा नियम, दाखल्याचा नमुना, लेखा विभागाची पद्धत समजून घेऊन ते प्रोग्रामरला सांगणारी माणसं तिथे नसती, तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी पालिकेच्या टेबलावर टिकलं नसतं. आपला विद्यार्थी बसू शकतो ती जागा हीच.

आता काम प्रत्यक्ष कसं असतं ते पाहू. समजा, एखाद्या पालिकेने जलवाहिन्यांवर प्रवाहमापक बसवण्याची निविदा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर टाकली. शे-दीडशे पानांचा दस्तऐवज असतो. नवखा मुलगा थेट तांत्रिक तपशिलाकडे धावतो. अनुभवी माणूस आधी पात्रतेच्या अटी काढतो: मागच्या तीन वर्षांची उलाढाल किती हवी, तशाच प्रकारची किती कामं पूर्ण केलेली हवीत, त्याचा दाखला कुठल्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या सहीचा हवा. कंपनी इथेच बसत नसेल, तर पुढचे आठ दिवस वाया घालवण्यात अर्थ नाही. बसत असेल तर तो शंकांची यादी करून निविदापूर्व बैठकीला जातो. तिथे नीट शब्दांत विचारलेला एक प्रश्न पुढे शुद्धिपत्रक होऊन येतो आणि सगळ्या स्पर्धकांसाठी अट बदलते. मग लिफाफे. तांत्रिक लिफाफ्यात जीएसटी, पॅन, सनदी लेखापालाचा दाखला, शपथपत्र, उत्पादक कंपनीचं अधिकारपत्र, अनामत रकमेची पावती. आर्थिक लिफाफ्यात दर, आणि फक्त दर. चुकून दराचा आकडा तांत्रिक लिफाफ्यात गेला की निविदा बाद. डिजिटल स्वाक्षरीची मुदत संपलेली असली की सहीच होत नाही. शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत वेळ असेल तर दोन वाजून पन्नास मिनिटांनी अपलोड करणारा माणूस या धंद्यात टिकत नाही, आदल्या दिवशी अपलोड करणारा टिकतो.

हे वाचून एखाद्या आईला वाटेल, हे तर कारकुनी काम. कागद जमवण्यापुरतं पाहिलं तर तसं दिसेलही. पण दर किती भरायचा, कुठली अट बदलून मागायची, तीन वर्षांच्या देखभालीचा खर्च कसा मांडायचा, हा निर्णय व्यवसायाचा आहे. दोन-तीन वर्षं नीट काम केलेल्या मुलाला हे निर्णय घ्यायला मिळतात, आणि तिथून पगाराचा आलेखही बदलतो.

केंद्र सरकारची खरेदी बरीचशी गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस, म्हणजे सगळे ज्याला ‘जेम’ म्हणतात, त्या पोर्टलवर होते. ते ऑगस्ट 2016 मध्ये सुरू झालं आणि राज्यांची कार्यालयंही त्यावर खरेदी करतात. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली इथे छोटे-मोठे कारखाने आहेत. चांगला माल बनवूनही पोर्टलवर नोंदणी कशी करायची, निविदा कशी भरायची हे ठाऊक नसल्याने सरकारी बाजाराकडे न फिरकणारे छोटे कारखानदार असतात. ज्या मुलाला हे जमतं, त्याला नोकरी शोधायला चर्चगेटच्या गाडीत लोंबकळत जायची गरज पडेलच असं नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी केंद्राच्या खरेदी धोरणात 25 टक्के वाटा ठरलेला आहे, त्यात महिला उद्योजकांसाठी 3 टक्के. या गोष्टी कारखानदाराला समजावून सांगणारा विश्वासू माणूस हवा असतो.

दुसरी बाजू पैशाची. पालिकेला वस्तू हवी आहे, पण पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येणार, हे ज्याला कळत नाही तो विक्रेता वर्षभर केबिनच्या बाहेर बसून राहतो. वसई-विरारची गणना दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांत होते, म्हणून पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या शिफारशींत हवेच्या गुणवत्तेसाठी अशा शहरांना दिलेल्या निधीच्या यादीत ते आहे. पाणी आणि मलनिस्सारणासाठी अमृत अभियान आहे, कचऱ्यासाठी स्वच्छ भारत अभियान. प्रत्येक निधीला आपल्या अटी. हवेच्या निधीतून हवा मोजायचं यंत्र घेता येईल, त्यातून मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर घेता येणार नाही. शिवाय आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही तर पुढचा हप्ता अडकतो. काम पूर्ण झाल्याचे फोटो, मोजमापं, अहवाल विक्रेत्याने वेळेवर दिले, तर अधिकाऱ्याचं ते प्रमाणपत्र सुटतं. पुढच्या वेळी तोच अधिकारी तुमचं ऐकायला वेळ देतो, आणि त्यात गैर काही नाही.

आपला जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला आणि त्याच्या आठ तालुक्यांत वसईसारखा शहरी तालुकाही आहे आणि जव्हार-मोखाड्यासारखे आदिवासी तालुकेही. म्हणून अनुदानाच्या जितक्या वाटा एका पालघर जिल्ह्यात शिकायला मिळतात, तितक्या फार थोड्या जिल्ह्यांत मिळतील. ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित अशी विभागणी होती. पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा 5 टक्के वाटा थेट मिळतो. जिल्हा नियोजन समितीच्या आराखड्यात नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. विक्रमगडच्या आश्रमशाळेत पाणी शुद्धीकरणाचं यंत्र बसवायचं असेल, तर या तिन्ही दारांपैकी कुठलं वाजवायचं, हे सांगू शकणारी मुलगी कुठल्याही सामाजिक संस्थेला किंवा कंपनीला हवीच असते.

स्वतःचं काही बनवणाऱ्या मुलांसाठीही वाट आहे. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने 2018 पासून स्टार्टअप सप्ताह भरवला. त्यात निवडलेल्या 24 स्टार्टअपना सरकारी विभागांसोबत आपलं तंत्रज्ञान करून दाखवण्यासाठी 15 लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश मिळाले. केंद्राच्या स्टार्टअप इंडिया सीड फंडमधून निवडक इनक्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पण अनुदान म्हणजे फुकटचे पैसे, असं समजून अर्ज करणारे बहुतेक पहिल्याच फेरीत गळतात. अर्जात लिहायचं असतं ते हे: अडचण कुणाची आहे, ती आज कशी सोडवली जाते, आणि तुमच्या यंत्राने नेमकं काय मोजता येईल असं बदलेल.

मराठी माध्यमातल्या मुलांनी इथे लक्ष देऊन वाचावं. पालिकेतली टिपणी मराठीत लिहिली जाते. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, शासन निर्णय हे सगळं मराठीत. 2022 मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी वापरण्याचा कायदाही झाला. बेंगळुरूच्या कंपनीचा झकपक प्रस्ताव उपअभियंत्याच्या टेबलावर येतो, तेव्हा त्याला त्यावरून मराठीत टिपणी तयार करावी लागते. ज्या कंपनीचा माणूस प्रस्तावासोबत दोन पानांचा स्वच्छ मराठी गोषवारा देतो, त्याचं काम पुढे सरकतं. घरी ज्या मराठीची लाज वाटायची, ती इथे पगाराची गोष्ट होते.

एमपीएससीची तयारी करून वय निघून चाललेल्या मुलांनाही मी हेच सांगते. राज्यघटनेचं बाराव्या अनुसूचीपर्यंत केलेलं पाठांतर, पंचायत राज, अर्थसंकल्प हा अभ्यास वाया गेलेला नाही. निविदा विभागात नव्याने आलेल्या इंजिनीअरला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती यांतला फरक समजवायला महिना लागतो. तुम्हाला तो आधीच ठाऊक आहे.

पालकांचा खरा प्रश्न मात्र वेगळा असतो आणि तो ते हळू आवाजात विचारतात: या क्षेत्रात टक्केवारी चालते ना? आमच्या मुलाला कुणी पाकीट द्यायला पाठवलं तर? हा प्रश्न टाळू नये. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली थेट गुन्हा आहे आणि कंपनीही त्यात जबाबदार धरली जाते. पाकीट घेऊन गेलेला कनिष्ठ कर्मचारी पकडला गेला, तर वरिष्ठ साहेब त्याच्या बाजूला उभे राहतील याची खात्री नसते. म्हणून नोकरी घेतानाच स्पष्ट सांगावं, की मी कागदाचं काम करेन, रोखीचं नाही. तरीही रेटा आला तर ती नोकरी सोडावी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक फोनमध्ये असावा. या क्षेत्रात सरळ कागदाच्या जोरावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि चांगल्या मुलांनी त्याच शोधाव्यात.

सुरुवात कशी करावी? शेवटच्या वर्षात असतानाच महाटेंडर्सवरून वसई-विरार, मीरा-भाईंदर किंवा ठाण्याच्या जुन्या निविदा उतरवून घ्या आणि एका निविदेच्या पात्रतेच्या अटी स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहा. वसईतल्या विद्यावर्धिनीसारख्या कॉलेजच्या अंतिम वर्षाच्या मुलांनी प्रकल्प निवडताना एकदा प्रभाग कार्यालयात जाऊन अडचण विचारावी. मग प्रकल्पाला ग्राहकही दिसतो. पदवीनंतर वर्षभर अनुभव घेऊन, 60 टक्के गुण आणि 21 ते 26 वय या अटींत बसत असाल, तर मुख्यमंत्री फेलोशिपला अर्ज करा. सरकारी निर्णय आतून कसा होतो, हे पाहण्याची तितकी चांगली जागा दुसरी नाही. बारावी, आयटीआय, पदविका किंवा पदवी झालेल्यांसाठी 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. त्यात दरमहा 6,000 ते 10,000 रुपये विद्यावेतनावर सरकारी कार्यालयांतही शिकता येतं. आवक-जावक टेबलावर बसवलं तरी नाराज होऊ नका, फाईल कुठून कुठे जाते हे तिथेच कळतं.

मुलाखतीला गेलात की कंपनीलाही प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती निविदा भरल्या, किती मिळाल्या? सरकारकडून बिल थकलं, तर कर्मचाऱ्यांचे पगार कुठून देता? सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल 45 दिवसांत चुकतं व्हावं असा 2006 चा कायदा आहे आणि उशीर झाल्यास व्याजाचीही तरतूद आहे, तरी मार्चअखेरीस निधी संपला की बिलं लांबतात. ज्या मालकाकडे या प्रश्नाचं सरळ उत्तर असेल, त्याच्याकडे कमी पगारावरही सुरुवात करायला हरकत नाही. ज्याच्याकडे नसेल, तिथे ऑफर लेटर कितीही मोठं असलं तरी सही करण्याआधी घरी एकदा विचार करा.