सर्वांना ठाऊक असलेले रहस्य : ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’चे चित्रपटीय रूप

नाटकाच्या माध्यमांतराची चर्चा करताना मराठी समीक्षेत ‘नाटकी’ हा शब्द बहुधा दोषदर्शक म्हणूनच वापरला जातो. चित्रपट मूळ संहितेपासून जितका दूर जाईल तितका तो अधिक चित्रपटीय, असे एक गृहीतक त्यामागे असते. सिडने ल्युमेट यांनी 1962 साली यूजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’ या नाटकावर केलेला चित्रपट हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडतो. सुमारे तीन तासांच्या या चित्रपटात मूळ संवाद थोड्याफार काटछाटीनिशी जसेच्या तसे ठेवले आहेत. तरीही तो चित्रित केलेला नाट्यप्रयोग ठरत नाही. असे का घडते, याचे उत्तर या नाटकातील रहस्याच्या विशिष्ट स्वरूपात शोधावे लागते.

ओनील यांनी हे नाटक 1939 ते 1941 या काळात लिहिले. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ते प्रसिद्ध होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. 1953 साली ते निवर्तले आणि पत्नी कार्लोटा यांच्या निर्णयाने 1956 सालीच नाटक छापले गेले. त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झाला. नोव्हेंबरात ते ब्रॉडवेवर आले आणि 1957 साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखकाचा शब्द मोडणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे काय, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. मात्र त्या प्रश्नाला या कलाकृतीतच एक विलक्षण प्रतिध्वनी आहे. ओनील यांचा तान्हेपणी गोवराने दगावलेला भाऊ एडमंड नावाचा होता. नाटकात मृत अर्भकाला लेखकाने स्वतःचे, म्हणजे यूजीन हे नाव दिले आणि स्वतःवर बेतलेल्या पात्राला मृत भावाचे. आपल्या घराचे गुपित सांगताना लेखकाने स्वतःला मृतांच्या यादीत बसवले, असा या अदलाबदलीचा अर्थ लावता येतो.

नाटकाचा काळ ऑगस्ट 1912 मधील एकच दिवस, सकाळपासून मध्यरात्रीपर्यंतचा. स्थळ टायरन कुटुंबाचे उन्हाळी घर. आई मेरी मॉर्फिनच्या व्यसनातून बरी होऊन परतली आहे. धाकट्या एडमंडला क्षय जडल्याची शंका आहे. बाप जेम्स एकाच लोकप्रिय भूमिकेत आयुष्य खर्ची घातलेला कंजूष नट, तर थोरला जेमी मद्यात बुडालेला. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, यांपैकी कोणतेही गुपित घरातल्यांपासून दीर्घकाळ लपून राहत नाही. मेरी रात्री पाहुण्यांच्या खोलीत गेल्याचा आवाज मुलाने ऐकलेला असतो आणि तेवढ्यावरून त्याला सारे उमगते. रहस्य माहितीत नसून न बोलण्याच्या करारात आहे. इब्सेनच्या नाटकांत भूतकाळ उघडा पडतो आणि त्याचे परिणाम घडतात. ओनीलकडे तो आधीच उघडा आहे. पात्रे दिवसभर तो पुन्हा पुन्हा झाकू पाहतात.

अशा नाटकाला कॅमेरा धोकादायक ठरू शकतो. आपल्यावर सगळे पाळत ठेवतात, ही मेरीची सततची तक्रार. रंगमंचावर प्रेक्षक दूर बसून त्या पाळतीकडे पाहतो. चित्रपटात समीपदृश्य त्याला पाळत ठेवणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवते. तिच्या डोळ्यांतली चमक नवऱ्याआधी प्रेक्षकालाच दिसण्याचा संभव निर्माण होतो. ल्युमेट यांनी हा धोका संयमाने हाताळला. ‘मेकिंग मूव्हीज’ या 1995 सालच्या पुस्तकात त्यांनी नमूद केले आहे की, कॅथरीन हेपबर्न यांची दृश्ये दीर्घ, अखंड चित्रणात घेतली, तर जेमीच्या भूमिकेतील जेसन रॉबर्ड्स यांच्यासाठी तुटक लय योजली. परिणामी मेरीचे वाहवत जाणे संकलनाने अडत नाही. तिचे एकेक वाक्य तिला घरापासून दूर नेते आणि प्रेक्षक तिच्यासोबत ओढला जातो.

चित्रपटाने केलेला एक ठळक बदल स्थळाचा आहे. संहितेत चारही अंक दिवाणखान्यात घडतात. चित्रपट मात्र घराबाहेर, बागेतल्या उजेडात सुरू होतो. यामुळे बंदिस्ततेचा दाब प्रारंभी काहीसा सैल होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु रंगमंचाला सहजी न साधणारी एक गोष्ट त्यातून साधते. पुढे धुके दाटते तेव्हा आपण डोळ्यांनी पाहिलेले जग त्यात नाहीसे होते. बोरिस कॉफमन यांचे कृष्णधवल छायाचित्रण येथे मोलाचे ठरते.

राल्फ रिचर्डसन यांचा जेम्स टायरन मात्र वादाचा विषय होऊ शकतो. आयरिश दारिद्र्यातून आलेल्या माणसाची भूक त्यांच्या उच्चारांत पुरेशी जाणवत नाही. तरी चौथ्या अंकातील दिव्यांचा प्रसंग पाहावा. मुलाच्या टोमण्याने चिडून बाप सारे दिवे लावतो, मन मोकळे करतो आणि पुन्हा एकेक विझवतो. आपल्या कंजूषपणाचे मूळ सांगून झाल्यावरही हात जुन्या सवयीनेच दिव्याकडे जातो. कबुलीने माणूस बदलत नाही, हे ओनीलचे कठोर निरीक्षण रिचर्डसन एका देहबोलीत पोहोचवतात. जेमीची कबुली याहून भयंकर आहे : धाकट्याचा नाश व्हावा असे त्याच्यातल्या एका अंशाला सदैव वाटत आले आणि हा इशाराच त्याच्या प्रेमाचा पुरावा. ब्रॉडवेवरही हीच भूमिका केलेल्या रॉबर्ड्स यांचा आवाज येथे अनुभवाने पिकलेला वाटतो. कान येथे 1962 साली या दोघांसह हेपबर्न आणि डीन स्टॉकवेल यांनाही अभिनयाची पारितोषिके मिळाली, ती यथायोग्यच.

अखेरीस मेरी लग्नाचा जुना पोशाख घेऊन खाली येते. कॅमेरा मागे सरकत जातो, चौघे अंधारात लहान होत जातात. रंगमंचावर हा क्षण एका अंतरावरूनच पाहावा लागतो. ल्युमेट ते अंतर आधी वाढवतात आणि मग एकाएकी मेरीचा चेहरा समोर आणतात. दिवसभर तिच्यावर पाळत ठेवणारे तिघे तिला आता पाहू शकतात. ती मात्र त्यांना पाहत नाही.