गिटार थोडी मागं

कैनाड गावातल्या एका हौशी रॉक बँडनं पहिला डेमो केला आहे. दोन गिटार, बेस, ड्रम्स, एक गायक आणि पाड्यावरच्या आजोबांचा तारपा, फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य. बँडमध्ये गिटार वाजवणारा मुलगा आणि मुंबईत ध्वनिमुद्रणाचं काम करणारी, सणाला गावी आलेली ताई यांचं हे बोलणं.

मुलगा: ताई, आवाज मोठा येतो, पण गाणारा काय म्हणतो ते कळत नाही. गायकाचा फेडर वर केला की गिटार बारीक वाटते. मग गिटार वर, मग ड्रम्स वर. शेवटी सगळं लाल दिव्याला जाऊन टेकतं.

ताई: ऐकलं मी. गाणं चांगलं आहे, म्हणून तर बसले. आता एक कर, सगळे फेडर पूर्ण खाली आण. इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, जे जे लावलंय ते बंद. आणि सांग, ऐकणाऱ्याच्या लक्षात काय राहायला हवं?

मुलगा: शब्द. आणि कडव्यांच्या मधला तारपा.

ताई: मग आधी गायक आणि तारपा एवढेच वर घे. ते दोघं नीट बसले की किक, स्नेअर आणि बेस. गिटार सगळ्यात शेवटी.

मुलगा: पण रॉक आहे ना ताई! गिटार शेवटी?

ताई: तुमच्या गिटारला भरपूर डिस्टॉर्शन आहे. डिस्टॉर्शन म्हणजे मूळ सुरावर वरच्या सुरांची मोठी भर पडते, आणि ती थेट चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत पसरते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तीक्ष्ण असतो. क, त, स, च ही व्यंजनं तिथंच ओळखू येतात. तारप्याची धारही तिथंच आहे. तिघं एकाच जागेवर आले की कान मोठ्या आवाजाला धरतो आणि बाकीचं झाकून टाकतो. नुसता गायकाचा फेडर वर नेऊन हे सुटत नाही.

मुलगा: मग गिटारचा आवाज कमी करू?

ताई: आधी डिस्टॉर्शन कमी कर. अॅम्पवर एकट्यानं वाजवताना बारीक वाटेल इतकं. बँडमध्ये तीच गिटार भरीव लागते, कारण तिचा ठोका स्पष्ट राहतो. मग दोन्ही गिटारना खालून साधारण शंभर हर्ट्झपर्यंत कात्री लाव, तो भाग बेसचा आणि किकचा. तीन हजारांच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी कर. एक गिटार डावीकडं, एक उजवीकडं. मधली जागा गायकाची. पण तुमची उजवीकडची गिटार डावीचीच नक्कल आहे ना?

मुलगा: हो, ट्रॅक कॉपी करून ठेवला.

ताई: नक्कल केली की रुंदी येत नाही, नुसता आवाज वाढतो. तेच पुन्हा वाजव, स्वतंत्रपणे. दोन वेळच्या वाजवण्यात जे बारीक फरक पडतात, त्यातूनच गाणं दोन्ही बाजूंना पसरतं.

मुलगा: बेसचं काय? ए वाजली की खोली हादरते, डीवर गेलो की बेस गायब. मी त्यासाठी इक्यू लावला होता.

ताई: खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत अंतर किती? तीनेक मीटर असेल. ध्वनी हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. तीन मीटरच्या भिंतींमध्ये 57 हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून फुगते. बेसची मोकळी ए तार आहे 55 हर्ट्झची. म्हणजे फुगवते ती खोली. डीची तार 73 हर्ट्झची, तिला ही खोली साथ देत नाही. तुझा बेस लाइनमधून थेट इंटरफेसमध्ये घेतलाय, त्याच्या ट्रॅकमध्ये खोली नाहीच. तू स्पीकरवर ऐकताना खोलीची चूक इक्यूनं दुरुस्त करत बसलास, आणि तो इक्यू आता गाण्याबरोबर जाईल. हेडफोनवर ऐक, स्पीकर भिंतीपासून पुढं ओढ, स्वतः खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नकोस.

मुलगा: भिंतीला गाद्या लावल्या होत्या.

ताई: गोधड्या आणि पातळ गाद्या वरचे सूर शोषतात, खालचे नाही. त्यामुळं खोली आणखी घुमल्यासारखी वाटते. त्यांचा उपयोग गायकाच्या मागं होतो, पत्र्याच्या छपराचा टणटणाट तोडायला. तिथंच लावा.

आणि बेसवर एक गुणगुण आहे, ऐकलीस? 50 हर्ट्झची, तिच्या वर 100 आणि 150. विजेची आहे ती. लॅपटॉपचा चार्जर काढ, बॅटरीवर रेकॉर्ड कर. बेसचा पिकअप एका कॉइलचा असेल तर ट्यूबलाइटपासून लांब बस. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन कॉइल उलट जोडून ही गुणगुण घालवायची युक्ती काढली. तुमचा पिकअप तसा नसेल, तर तो गुणगुणणारच.

मुलगा: ड्रम्सना दोनच माइक होते. एक किकला, एक वर. स्नेअर कागदी वाटतो.

ताई: तीन माइकवर भागतं. लेड झेपलिनचा पहिला अल्बम रेकॉर्ड करणारे ग्लिन जॉन्स यांची एक पद्धत नावाजलेली आहे. एक माइक किकला, एक स्नेअरच्या बरोबर वर, तिसरा फ्लोअर टॉमच्या बाजूनं. वरचा आणि बाजूचा माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवा. दोरीनं मोजायचं. अंतरात 34 सेंटीमीटरचा फरक पडला तर एक मिलिसेकंद उशीर होतो, आणि तेवढ्यानं स्नेअरच्या आवाजाचा काही भाग दोन माइक मिळून खाऊन टाकतात. जो रेकॉर्ड केलाय त्यात तूर्त वरच्या माइकच्या ट्रॅकचं फेज उलटवून बघ. ज्या स्थितीत खालचा आवाज भरतो, ती ठेव.

मुलगा: आता तारपा.

ताई: तारप्यासाठीच मी इतका वेळ घालवतेय. माइक कुठं ठेवला होता?

मुलगा: कर्ण्याच्या तोंडात. म्हटलं, तिथून आवाज येतो.

ताई: म्हणून तो चिरकतोय. वाळलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या आणि पात्या, पुढं पानांचा कर्णा. आवाज नुसता कर्ण्यातून येत नाही, नळ्यांच्या छिद्रांतून आणि दुधीच्या अंगातूनही येतो. हे मोकळ्या जागेचं वाद्य. मध्ये वाजवणारा आणि भोवती नाच, कोणी कानाला चिकटून ऐकत नाही. माइक मीटरभर लांब ठेव, कर्ण्याच्या सरळ रेषेत नाही, जरा बाजूला, दुधीकडं तोंड करून. खोलीत घेऊ नकोस. अंगणात घे, पहाटे. रात्री रातकिडे सगळं भरून टाकतात, आणि त्यांचा आवाज काढायला गेलास तर तारप्याचाच वरचा भाग जातो.

मुलगा: तो गिटारशी जुळतही नाही. मी ऑटोट्यून लावला होता, विचित्र झालं.

ताई: तो लगेच काढ. आजोबांचा तारपा त्यांच्या हातानं कापलेल्या बांबूचा आहे. त्याचे सूर 440 हर्ट्झच्या ए स्वरावरून मोजून घेतलेले नाहीत. तो 440 लंडनमधल्या परिषदेत 1939 साली ठरला, लोकांच्या सोयीसाठी. तुमच्या गिटारला खुंट्या आहेत, तारप्याला नाहीत. मग फिरायचं कुणी? आजोबांना आधी पाच-दहा मिनिटं वाजवू दे, श्वासानं पात्या ओल्या होऊ देत. मग त्यांचा टिकून राहणारा सूर ट्यूनरवर बघ, ट्यूनरचा आधार त्याप्रमाणं बदल आणि दोन्ही गिटार, बेस त्यावर लावा. तरी काही सूर अधलेमधले राहतील. तिथं पूर्ण कॉर्ड वाजवू नका, षड्ज-पंचम धरा. कॉर्डमधला गांधारच भांडतो.

मुलगा: आणि ताल? क्लिक लावला की आजोबा थांबतात.

ताई: क्लिक त्यांच्यासाठी नाहीच. पुढच्या वेळी तारपा पहिला रेकॉर्ड करा, एकटा. ड्रम्स त्याच्यावर वाजवा. तारपा श्वास न तोडता वाजतो, त्याचा ठोका शांतपणे ऐकलात तर ड्रमरला सापडेल. थोडी घाई-मंदी होईल, होऊ दे. वाद्याला पाहुणा म्हणून बोलावून वर शोभेला ठेवायचं, हे मला पटत नाही. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप मंडळींनी आरेच्या प्रकाश भोईरांबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ केलं ना 2019 मध्ये? आदिवासी माणसाचा आवाज तिथं गाण्याच्या मध्यावर उभा आहे. तेवढं लक्ष देऊन ऐका.

मुलगा: गायक आणि तारपा एकत्र आले की?

ताई: फेडरवरच सोडव. गायक गातो तेव्हा तारप्याचा फेडर हातानं दोन-तीन डेसिबल खाली, ओळ संपली की वर. कॉम्प्रेसर त्याच्यावर नको, त्याचा आवाज आधीच एकसारखा आहे. कॉम्प्रेसर गायकाला लाव, तीनास एक, मीटर जोरदार ओळींवर चार-पाच डेसिबलच हलला पाहिजे. मायक्रोफोनच्या जवळ-लांब होण्याची सवय मात्र त्याची त्यानंच मोडायची. रिव्हर्ब तुम्ही सगळ्यांवर ओतलाय. गायकाला थोडा ठेव, शब्द आणि रिव्हर्ब यांत तीस-चाळीस मिलिसेकंदांची फट ठेव म्हणजे व्यंजन आधी पोचतं. बेस आणि किकवरून पूर्ण काढ.

मुलगा: मग शेवटी लाउडनेस वाढवायचा.

ताई: नको. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठी गाणी आपोआप उणे 14 लफ्सच्या (लफ्स म्हणजे लाउडनेसचं माप) आसपास खाली आणतात. दाबून मोठं केलंस तर आवाज तेवढाच राहतो, ड्रम्सचा ठोका मात्र मरतो. मास्टरिंगला देणार असाल तर सगळ्यात उंच टोक उणे सहा डेसिबलच्या खाली ठेव, 24 बिटची वेव्ह फाइल दे. आणि मिक्स करताना आवाज बोलण्याएवढाच ठेव. फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्ये दाखवलं की आवाज बदलला की कानाची पसंतीही बदलते. मोठ्यानं ऐकलं की बेस आणि वरचा चकाकणारा भाग दोन्ही भरलेले वाटतात, आणि सगळंच छान लागतं. हळू आवाजात शब्द कळले तर मिक्स बसलं.

मुलगा: एवढं सगळं आमच्याकडच्या सामानात होईल? स्टुडिओ नाही...

ताई: ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ 1982 चा. घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केलेला डेमो होता. बँड घेऊन पुन्हा केला, जमला नाही, मग डेमोच अल्बम म्हणून आला. तुमच्या लॅपटॉपवर ट्रॅक त्याहून कितीतरी जास्त मिळतात.

मुलगा: डेमोच्या पोस्टरवर आजोबांचं नाव ‘पाहुणे वादक’ म्हणून घालू?

ताई: बँडच्या यादीत घाल, तारपा, आणि पूर्ण नाव. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वादकाचेही हक्क आहेत. 2012 च्या दुरुस्तीनं नाव लागण्याचा आणि व्यापारी वापरातून मोबदल्याचा हक्क स्पष्ट केलाय. पैसे आले तर वाटणी आधीच ठरवा, तोंडी नाही, लिहून.

मुलगा: त्यांना हे मिक्स ऐकवू?

ताई: आधी त्यांनाच. मोबाइलच्या स्पीकरवर नको, माझे हेडफोन ने. तारपा आपल्याला कसा वाटतो याला फार अर्थ नाही, त्यांना स्वतःचा वाटला पाहिजे. त्यांनी ‘हा माझा नाही’ म्हटलं, तर तारप्यावर आपण जे जे कापलंय ते सगळं परत घालू, आणि जागा गिटारमधून काढू.