कूपन: न बोलता केलेली घासाघीस

मॉरिसव्हिलला लागूनच रिसर्च ट्रँगल पार्क आहे. तिथल्या आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉर्ज लॉरर या अभियंत्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या ओळखीचा उभ्या रेघांचा बारकोड आखला. ३ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकी किराणा उद्योगाने तो स्वीकारला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं आणि त्याचा वापर सुरू झाला. आज आपण ॲपमध्ये 'क्लिप' करतो त्या कूपनची यंत्रणाही याच बारकोडवर उभी आहे.

कूपन वस्तू कशी ओळखतं?

बारकोड येण्याआधी कूपन आणि वस्तू जुळतात की नाही हे कॅशियर डोळ्यांनी बघायचा. बारकोड आल्यावर कूपनलाही १२ अंकी क्रमांक मिळाला. त्याची सुरुवात ५ या अंकाने व्हायची. पुढचे ५ अंक कंपनीचे, ३ अंक उत्पादनाच्या कुटुंबाचे, २ अंक सवलतीच्या रकमेचे आणि शेवटचा पडताळणीचा. टोपलीतल्या वस्तूंमध्ये त्याच कंपनीचं, त्याच कुटुंबातलं काही असेल तरच यंत्र पैसे वजा करायचं. एवढ्या थोड्या अंकांत मुदत आणि 'तीन घेतले तरच' अशा अटी नीट मावत नव्हत्या. म्हणून पुढे जास्त माहिती साठवणारा नवा बारकोड आला. डिजिटल कूपनमध्ये तर कागदही नाही. तुमचा फोन नंबर हीच ओळख, आणि तुम्ही काय घेता याची नोंदही त्याच नंबरावर जमा होते.

मग सरळ किंमतच का कमी करत नाहीत?

खरा प्रश्न हा आहे. दोन डॉलर सोडायचेच आहेत तर सगळ्यांसाठीच सोडा की!

आपल्याकडच्या मंडईत याचं उत्तर मिळतं. भाजीवाली सुरुवातीला एक भाव सांगते. घाईतला माणूस तो देऊन निघून जातो. पिशवी घेऊन निवांत उभ्या राहिलेल्या आजी घासाघीस करतात आणि त्यांना कमी भाव मिळतो. माल एकच, भाव दोन. कोणाला कोणता भाव लावायचा हे घासाघीस ठरवते.

अमेरिकेतल्या दुकानात घासाघीस चालत नाही. तिचं काम कूपन करतं. १९८४ मध्ये चक्रवर्ती नरसिंहन यांनी 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात नेमकं हेच मांडलं: कूपन हे वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळी किंमत लावण्याचं साधन आहे. कूपन शोधायला, जपायला, लक्षात ठेवायला वेळ लागतो. ज्याला किमतीचा फरक पडतो तो हा वेळ देतो, बाकीचे पूर्ण किंमत देतात. थोडक्यात, कूपन ही चाळणी आहे आणि तिची जाळी वेळेची आहे. ॲपमध्ये सवलत आपोआप न लागता बटण दाबावं लागतं, त्यामागेही हाच विचार आहे.

पावतीवरची बचत आणि खिशातली बचत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नामांकित कंपनीचं १०० औंस डिटर्जंट १२ डॉलरला आहे आणि त्यावर कंपनीचं २ डॉलरचं कूपन आहे. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं १०० औंस ८ डॉलरला आहे.

आता कर. आमच्या वेक काउंटीत साध्या खाद्यपदार्थांवर २ टक्के, तर साबण-डिटर्जंटसारख्या वस्तूंवर ७.२५ टक्के विक्रीकर आहे. कंपनीच्या कूपनचे पैसे कंपनी दुकानाला भरून देते, म्हणून कर मूळ १२ डॉलरवर लागतो: ८७ सेंट. एकूण १०.८७ डॉलर. (कूपन दुकानाचं असतं तर कर १० डॉलरवर, म्हणजे ७३ सेंट लागला असता.) दुकानाच्या ब्रँडचे करासह ८.५८ डॉलर होतात.

पावतीच्या तळाशी छापून येतं, 'तुम्ही २ डॉलर वाचवले.' प्रत्यक्षात २.२९ डॉलर जास्त गेले! पावती छापील किमतीशी तुलना करते. आपण तुलना करायची ती कूपन नसतं तर जे घेतलं असतं त्याच्याशी.

आपल्या वेळेचा भाव

समजा, कूपनवर आठवड्याला अर्धा तास घालवून खरोखरचे ६ डॉलर वाचले. म्हणजे ताशी १२ डॉलर, आणि त्यावर आयकर नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. पीएचडीच्या तुटपुंज्या स्टायपेंडवर राहणाऱ्यांसाठी, किंवा जोडीदार एच-४ व्हिसावर असल्यामुळे एकाच पगारात घर चालवणाऱ्यांसाठी हा हिशोब चांगला आहे. पण त्याच अर्ध्या तासात १ डॉलर वाचत असेल, तर तो वेळ झोपेला द्यावा.

हा हिशोब आपल्या बाजूने वळवायचा तर:

१. कूपन कुठे शोधायचं ते ठरवा. कंपन्यांची कूपनं मुख्यतः पाकीटबंद, ब्रँडेड मालावर असतात. तूरडाळ, पोहे, कोथिंबीर यांसाठी भारतीय दुकानांची साप्ताहिक जाहिरात बघा. डायपर, टूथपेस्ट, डिटर्जंट यांसाठी मात्र कूपन शोधण्यात अर्थ आहे.

२. शेल्फवरच्या लेबलावर बारीक अक्षरात छापलेली दर औंसाची किंमत बघा. कूपन असेल तर पाकिटाच्या पूर्ण किमतीतून त्याची रक्कम वजा करून, उरलेल्या किमतीला औंसांनी भागून मगच तुलना करा. लहान पाकिटावर तेच कूपन टक्केवारीत जास्त सूट देतं. ३ डॉलरवर १ डॉलर म्हणजे ३३ टक्के, ६ डॉलरवर फक्त १७. अर्थात, कूपनवर आकाराची अट आहे का ते आधी वाचा.

३. कंपनीचं आणि दुकानाचं कूपन एकाच वस्तूवर चालतं का ते विचारा. काही दुकानं चालवून घेतात.

४. 'एकावर एक फुकट' म्हणजे ५० टक्के सूट, पण दुसरं संपलं तरच. दुसरं दही कचऱ्यात गेलं तर सूट शून्य.

आणि यादी आधी करा, कूपन नंतर शोधा. उलट क्रमाने गेलात, तर चाळणीने तिचं काम केलं असं समजा.