कुंडीतले लिंबू आणि थंडी

सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागांत थंडीतल्या एखाद्या पहाटे गवतावरचे दव गोठते. कागदी लिंबाला हा गारठा सोसत नाही. कोवळी पालवी एका रात्रीत काळी पडते. बीपासून वाढवलेले झाड फळाला यायला चार-पाच वर्षे घेते, म्हणून ते जपायला हवे.

जमिनीतल्या मुळांना खालची ऊब मिळते. कुंडीला मात्र चारही बाजूंनी वारा लागतो आणि खरे दुखणे तिथेच आहे. माती १३ अंशांखाली गेली की मुळे फारसे पाणी ओढत नाहीत, पण दुपारचे ऊन पानांतले पाणी घेतच राहते. पाने गळतात. झाड तहानले असे वाटून घरातले कोणीतरी आणखी पाणी ओतते आणि मुळे कुजतात!

तेव्हा दिवाळीनंतर पाणी कमी करा. बोटाची दोन पेरे मातीत घाला. कोरडी लागली तरच द्या, तेही ऊन आल्यावर. कुंडीखाली विटा ठेवा, भोवती गोणपाट गुंडाळा. दक्षिणेला तोंड असलेली भिंत दिवसभर तापते, कुंडी तिच्यालगत हलवा. गारठ्याच्या रात्री झाडावर जुनी चादर टाका, सकाळी मात्र आठवणीने काढा. छाटणी आणि शेणखत फेब्रुवारीत.