कोबी, हळद आणि चार कोऱ्या सऱ्या

कोबीवर मावा पडला म्हणजे आपले शेतकरी बंधू निंबोळीचा अर्क फवारतात. दोन दिवसांनी जोराची सर येते, मावा धुऊन जातो आणि यश मात्र अर्काच्या नावावर जमा होते. जाणता शेतकरी म्हणूनच चार सऱ्या न फवारता सोडतो. त्या कोऱ्या सऱ्यांवरचाही मावा गेला तर ते काम पावसाचे. तिथे तो राहिला आणि बाकी शेतातून गेला, तर अर्काला मान द्यावा. ही युक्ती आज आम्हाला एका नाजूक विषयासाठी हवी आहे. विषय बायकांच्या आजाराचा असला तरी पुरुषांनी हे पान उलटू नये; घरच्या बाईला तपासणीला पाठवायचे की नाही, हे पुष्कळ घरांतून अजून तेच ठरवतात.

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. त्याच्या मुळाशी एच.पी.व्ही. नावाचा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतोच. तेव्हा त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न काढणे अज्ञानाचे आहे. बहुतेकींचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत हुसकावून लावते. थोड्या जणींत तो ठाण मांडतो आणि तिथल्या पेशी बदलू लागतात. हा बदल सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. तो अजून कर्करोग नव्हे. सौम्य बदल बहुधा आपोआप मावळतो.

आणि नेमकी इथेच फसगत होते. सौम्य बदल असलेल्या बाईने सहा महिने कसला तरी काढा घेतला आणि पुढची तपासणी चांगली आली, तर काढ्याचा डंका गावभर पिटला जातो. पावसाची आठवण कोणालाच होत नाही.

कोबीचेच उदाहरण घेऊ. कोबी चिरला किंवा चावला की त्यातून इंडोल-३-कार्बिनॉल नावाचे द्रव्य तयार होते. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत मध्यम व तीव्र बदल असलेल्या ३० स्त्रियांना बारा आठवडे गोळ्या दिल्या. काहींना हे द्रव्य, तर काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली कोरी गोळी. २७ जणींचा हिशेब हाती आला. कोरी गोळी घेणाऱ्या १० जणींपैकी एकीचाही बदल पूर्ण गेला नाही. २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ८ पैकी ४ आणि ४०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ९ पैकी ४ जणींचा गेला. बातमी आशेची खरी, पण २७ म्हणजे एक वाफासुद्धा नव्हे.

पोटात गेल्यावर या द्रव्याचे जे दुसरे द्रव्य बनते, त्याची मोठी परीक्षा पुढे ब्रिटनमध्ये झाली. सौम्य बदल असलेल्या ५५१ स्त्रिया, सहा महिने रोज एक मात्रा. २०१२ साली निकाल आला. औषध घेणाऱ्यांत शेकडा ९ जणींना मध्यम किंवा त्यापुढचा बदल आढळला, तर कोरी गोळी घेणाऱ्यांत शेकडा १२ जणींना. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. दोन्ही परीक्षांतल्या स्त्रियांची अवस्था सारखी नव्हती हे खरे. पण कोबीच्या गोळीवर विसंबावे असे त्यातून काही निघाले नाही. कोबी भाजी म्हणून जरूर खावा.

हळदीची गोष्ट अधिक जवळची. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील परीक्षा २०१३ साली प्रसिद्ध झाली. विषाणू आहे, पण तीव्र बदल नाही अशा स्त्रियांना हळदीतले द्रव्य, आवळा, रिठा व कोरफड यांपासून केलेले मलम आत लावायला दिले. शेकडा सुमारे ८८ जणींचा विषाणू गेला. निव्वळ हळदीच्या द्रव्याची कॅप्सूल वापरणाऱ्यांत ८१. आणि औषधच नसलेले मलम किंवा कॅप्सूल मिळालेल्यांत? ७३! मलमाचा थोडा गुण दिसला, कॅप्सूलचा फरक मात्र खात्रीचा ठरला नाही. आमच्या मते यातला सर्वांत शिकण्यासारखा आकडा ७३ हाच. एखाद्या वैदूने शंभर जणींना नुसती राख दिली असती, तरी बहात्तर-त्र्याहत्तर जणी त्याला दुवा देत घरी गेल्या असत्या. शिवाय या परीक्षेने विषाणूचा हिशेब केला. तीव्र बदल मलमाने बरा होतो, असे तिने म्हटलेले नाही.

झाडपाल्याला आम्ही हिणवत नाही. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे. त्यात सापडणाऱ्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून बनवलेले टोपोटेकान हे औषध याच कर्करोगावर वापरतात. ते परीक्षेच्या चाळणीतून पार पडले. म्हणून कोणी नरक्याची साल उगाळून घेऊ नये; ती विषारी आहे.

तीव्र बदल तसाच ठेवला तर काय होते, याचे उत्तर जगाला फार महागात मिळाले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० च्या दशकापासून अशा काही स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली, तीही त्यांना नीट न सांगता. १९८७ साली त्याची चौकशी बसली. २००८ साली हिशेब मांडला गेला, तेव्हा अशा स्त्रियांपैकी ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कर्करोग झालेला होता. पुरेसा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. शेतातल्या चार सऱ्या खुशाल कोऱ्या सोडाव्यात. खात्रीचा उपचार हाती असताना बाईला, तिला न विचारता, तसे सोडणे हा अपराध आहे.

पिशवी काढावी लागेल या धास्तीने पुष्कळ जणी झाडपाल्याकडे वळतात. या बदलांसाठी सहसा पिशवी काढावी लागत नाही. बदललेला भाग गोठवतात, उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या फासाने तेवढाच काढतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. तपासणीही अवघड नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने वस्त्यांतून शिकवून तयार केलेल्या सेविकांकडून, व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून, दर दोन वर्षांनी तपासणी करवली. या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

रिपोर्ट हाती आला की बदल सौम्य, मध्यम की तीव्र आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारून उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. हळदीचे दूध प्यायला आमची ना नाही. मात्र घरी वाटलेला कसलाही लेप आत घालू नये. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर सुगी संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.