हिमनद्यांच्या खाडीत : एका सफरीची आखणी



सहल ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो, तो डब्यात काय न्यायचे याचा! गाडी किती वाजता आणि मुक्काम कोठे, हे त्यानंतर. पण जे पाहायला जायचे ते नेमके केव्हा दिसते आणि का दिसते, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही. म्हणूनच काही मंडळी ऐन मे महिन्यात धबधबा पाहायला जातात आणि कोरडा कातळ पाहून परत येतात.

आज आपण एका दूरच्या सफरीची आखणी करणार आहोत. जहाजात बसून हिमनद्या आणि उत्तरेकडचे प्राणी पाहायचे आहेत. तिकिटाची चिंता नको. वही, पेन्सिल आणि नकाशांचे पुस्तक एवढे साहित्य पुरे. प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तर उत्तमच. नाही आला, तरी आखणी करता करता पुष्कळ विज्ञान पदरात पडेल.

कोठे जायचे?

उत्तर अमेरिकेचा नकाशा उघडा. वायव्य टोकाला अलास्का दिसेल. त्याची एक चिंचोळी पट्टी आग्नेयेकडे उतरली आहे. तेथे ५८ ते ५९ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान ‘ग्लेशियर बे’, म्हणजे हिमनद्यांची खाडी आहे. १९८० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे.

प्रथम आपल्या यादीतून दोन नावे खोडून टाका. पेंग्विन येथे नाहीत, कारण ते दक्षिण गोलार्धातले. ध्रुवीय अस्वलेही नाहीत. ती याहून पुष्कळ उत्तरेला, गोठलेल्या समुद्राच्या आसऱ्याने राहतात.

आता प्रश्न असा, की येथे हिमनद्या थेट समुद्रापर्यंत कशा येतात? आपली गंगोत्री हिमनदी तर गोमुखापाशी, सुमारे ४,००० मीटर उंचीवरच संपते. याचे उत्तर सह्याद्रीत सापडेल. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो. ग्लेशियर बेच्या पश्चिमेला समुद्राजवळच फेअरवेदर पर्वत ४,६७१ मीटर उंच उभा आहे. पॅसिफिक महासागरावरचे दमट वारे त्या रांगेला अडतात. पण तेथे वर पडतो तो पाऊस नव्हे, हिम! उन्हाळ्यात वितळते त्याहून अधिक हिम वर्षानुवर्षे साचते, दाबले जाते, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्या भाराने हळूहळू उताराकडे सरकतो. हीच हिमनदी. वरून पुरवठा भरपूर आणि हवा थंड, म्हणून वितळून संपण्याआधीच ती समुद्र गाठते.

केव्हा जायचे?

व्हँकूव्हर आणि सिॲटल या बंदरांतून निघणाऱ्या जहाजांचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर असतो. यांतला कोणता महिना निवडायचा, हे आपल्याला काय पाहायचे आहे यावर ठरेल.

जूनमध्ये दिवस सर्वांत मोठा, सुमारे १८ तासांचा असतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये कुबड्या देवमासे भरपूर दिसतात. सप्टेंबरमध्ये दिवस आखडतो आणि पाऊस वाढतो. रेनकोट मात्र कोणत्याही महिन्यात हवाच. पर्वताचे ‘फेअरवेदर’ म्हणजे ‘छान हवा’ हे नाव कॅप्टन कुकने १७७८ मध्ये ठेवले, पण त्यावर विसंबू नका!

आखणीत आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. या खाडीला जॉन्स हॉपकिन्स नावाचा एक फाटा आहे. मे-जूनमध्ये तेथे सील माद्या तरंगत्या बर्फावर पिले घालतात. जमिनीवरच्या शत्रूंपासून तेथे पिले सुरक्षित असतात. जहाज जवळ आले की घाबरलेली सील पाण्यात उडी घेते. माय-लेकरांची ताटातूट होते, थंड पाण्यात पिलाची ऊब जाते. म्हणून मे आणि जून हे दोन महिने तो फाटा सर्वच जहाजांना बंद असतो. मोठ्या प्रवासी जहाजांना तर ऑगस्टअखेरपर्यंत बंदी आहे. शिवाय संपूर्ण खाडीत दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना प्रवेश मिळतो. म्हणजे आपले वेळापत्रक कोण ठरवते, पाहिलेत ना? सीलची पिले!

जहाज पुढे, काळ मागे

१७९४ मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरची माणसे येथे नकाशा काढायला आली, तेव्हा खाडी अशी नव्हतीच. मुखापासून थोडे आत जाताच बर्फाची प्रचंड भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर हे निसर्गअभ्यासक त्लिंगित वाटाड्यांबरोबर होडीतून आले. तोवर बर्फ निदान ५० किलोमीटर मागे गेला होता. १९१६ पर्यंत ही माघार सुमारे १०० किलोमीटर झाली. खाडीच्या त्लिंगित नावाचा अर्थच मुळी ‘हिमनदी होती त्या जागेची खाडी’ असा आहे. त्लिंगित लोक येथले मूळ रहिवासी. अठराव्या शतकात पुढे सरकणाऱ्या बर्फाने त्यांना गावे सोडायला लावली. म्हणजे हिमनदी आधी पुढे आली, मग मागे गेली.

आता थोडे गणित करू. १७९४ ते १९१६ ही १२२ वर्षे. तेवढ्या काळात बर्फ सोडून गेलेले अंतर आपले जहाज चार-पाच तासांत कापते. म्हणजे जहाजाच्या एका तासात सुमारे पाव शतकाचा पल्ला!

म्हणून सफरीच्या दिवशी पहाटेच उठा आणि किनाऱ्यावर नजर ठेवा. मुखाशी स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांचे दाट जंगल दिसेल. ही जमीन बर्फातून आधी मोकळी झाली. आत जावे तसे वृक्ष विरळ होतात आणि आल्डरची झुडपे लागतात. आणखी पुढे ड्रायस या वनस्पतीच्या बुटक्या चटया, मॉस, दगडफूल आणि शेवटी उघडा खडक. दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच कुळातले, बरे का!

आल्डरची मुळे विशेष आहेत. त्यांवरच्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन जमिनीला मिळवून देतात. आपला शेतकरी म्हणतो, हरभऱ्याचा बेवड चांगला. तसाच हा आल्डरचा बेवड, ज्यावर पुढे स्प्रूस वाढतो. १९१६ मध्ये विल्यम कूपर या शास्त्रज्ञांनी येथे एकेक मीटर बाजूचे चौकोन आखून त्यांतील वनस्पतींची नोंद सुरू केली. त्याच चौकोनांची शंभर वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. त्यातून दिसले, की हा क्रम सर्वत्र तंतोतंत सारखा नसतो. कोणते बी आधी पोहोचले, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

हिमनदीसमोर

खाडीच्या टोकाशी मार्जरी हिमनदी आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी दीड किलोमीटरहून थोडी अधिक. पाण्यावर दिसणारी तिची भिंत सुमारे ७५ मीटर, म्हणजे वीस-पंचवीस मजली इमारतीएवढी उंच. पण डोळ्यांना ती तेवढी वाटत नाही, कारण शेजारी मोजायला झाड नाही की घर नाही. मग घड्याळ वापरा. माथ्यावरून सुटलेला कडा पाण्यावर आदळायला जवळजवळ ४ सेकंद लागतात. तो सावकाश पडतोय असे वाटले, तर समजा की भिंत फार उंच आहे.

आवाज ऐकून मान वळवू नका. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. तोवर दृश्य संपत येते. आवाज मात्र तोफेसारखा असतो. त्लिंगित लोक त्याला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात.

बर्फ कोठे कोठे निळा दिसेल. दाबामुळे त्यातील हवेचे बुडबुडे कमी झालेले असतात. अशा घट्ट बर्फातून प्रकाश दूरवर जातो, वाटेत तांबडा रंग शोषला जातो आणि निळा उरतो.

दुर्बीण असेल तर ती आता काढा. भिंतीजवळच्या कड्यांवर किटिवेक जातीचे कुरव घरटी करतात. येताना वाटेतल्या साउथ मार्बल बेटावर पफिन पक्षी आणि समुद्रसिंह, उंच खडकांवर पांढरे डोंगरी बकरे, तर पाण्यात उताणी पडलेली समुद्री पाणमांजरे दिसतात. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने ही पाणमांजरे या भागातून नाहीशी झाली होती. १९६० च्या दशकात ती आग्नेय अलास्कात पुन्हा आणून सोडली. आज या खाडीत ती हजारांनी आहेत.

सफरीची किंमत

येथला कुबड्या देवमासा हिवाळ्यात हवाई बेटांजवळ जातो आणि उन्हाळ्यात पोट भरायला चार-पाच हजार किलोमीटर पोहून परत येतो. शेपटीच्या खालच्या बाजूवरील खुणांवरून, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा, एकेक देवमासा ओळखता येतो. अशीच ‘स्नो’ नावाची एक मादी शास्त्रज्ञांच्या चांगली ओळखीची होती. जुलै २००१ मध्ये एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या धडकेने ती मेली. तिच्या पोटात पिलू होते. तिचा सुमारे १४ मीटर लांबीचा सांगाडा २०१४ पासून खाडीच्या मुखाशी, बार्टलेट कोव्ह येथे मांडून ठेवला आहे.

समजा, जहाजापुढे २०० मीटरवर देवमासा वर आला. वेग २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर असेल, तर त्याला दूर व्हायला सुमारे १९ सेकंद मिळतात. वेग १३ नॉट असेल, तर ३० सेकंद. देवमासे जमले की खाडीच्या मुखाकडील भागात जहाजांना हीच १३ नॉटची मर्यादा घालतात. ती का, हे आता सांगायला नको.

दुसरी गोष्ट हिमनदीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगबोटी भरभरून प्रवासी याच खाडीत येत, ते म्यूर हिमनदी पाहायला. ती आता समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. तिची १९४१ आणि २००४ मध्ये एकाच जागेवरून काढलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. पहिल्यात खाडी बर्फाने भरलेली; दुसऱ्यात मोकळे पाणी आणि हिरवे डोंगर. त्रेसष्ट वर्षांत हिमनदी सुमारे १२ किलोमीटर मागे गेली.

ही सगळी माघार माणसाच्या धुरामुळे झाली काय? नाही. १७९४ नंतरच्या माघारीला ‘लघु हिमयुग’ नावाचा थंडीचा काळ ओसरणे हे कारण होते. शिवाय समुद्रात उतरलेली हिमनदी स्वतःच आणलेल्या दगडमातीच्या ढिगावर, म्हणजे हिमोढावर, पाय रोवून उभी असते. तेथून ती मागे सरली की खोल पाण्यात येते, पायाखालचा आधार जातो आणि कडे भराभर तुटू लागतात. जॉन्स हॉपकिन्स हिमनदी तर विसाव्या शतकात बराच काळ पुढे सरकत होती. पण एका हिमनदीवरून निकाल देता येत नाही. अलास्कातील बहुसंख्य हिमनद्या आज झपाट्याने पातळ होत आहेत. पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा एक अंश सेल्सियसहून अधिक वाढले आहे आणि त्याला मुख्यतः माणसाने जाळलेले इंधन कारण आहे. हिमनद्या पाहायला जाणारे आपले जहाजही इंधनच जाळते. हेही आखणीच्या वहीत लिहून ठेवा.

करून पाहा

दोन सारखे पेले घ्या. एकात पाणी घालून बर्फाचे खडे तरंगत ठेवा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढील असा दगड ठेवा, पाणी घाला आणि दगडावर तितकेच खडे ठेवा. दोन्हींत पाण्याच्या पातळीची खूण करा. बर्फ वितळल्यावर पुन्हा पाहा. पातळी कोणत्या पेल्यात वाढली?

विचार करा

१. जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात गेला, तर कोकण किनाऱ्यावर काय होईल? वरील प्रयोगावरून सांगा.

२. हिमनदीचा कडा कोसळताना दिसल्यावर २ सेकंदांनी आवाज आला. जहाज हिमनदीपासून किती दूर आहे?

३. तुम्हाला सीलची पिलेही पाहायची आहेत आणि त्यांना त्रासही द्यायचा नाही. तुम्ही कोणता महिना निवडाल आणि जहाज कोठे थांबवाल? तुमचे उत्तर कारणांसह वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.