जुने स्टीलचे चमचे-काटे घेताय? आधी हा हिशेब करा

१९५० ते १९७५ या काळातले स्टेनलेस स्टीलचे चमचे, काटे आणि सुऱ्या जमवायच्या ठरवल्या असतील, तर पहिला हिशेब वजनाचा करा. जेवणाचा एक चमचा साधारण ५० ग्रॅम भरतो. भंगारात चांगल्या स्टीलला किलोमागे १०० रुपये धरले, तर त्या चमच्यात धातू आहे फक्त ५ रुपयांचा. विक्रेता ८० मागत असेल, तर वरचे ७५ रुपये आकाराचे, शिक्क्याचे आणि संच पूर्ण असण्याचे. या तिन्ही गोष्टी हातात घेऊन तपासता येतात. ज्याची खात्री पटली त्याचेच पैसे द्या.

कुठे शोधायचे

सुरुवात आपल्या सोलापुरातूनच करा. मंगळवार पेठ, मधला मारुती, टिळक चौक या जुन्या बाजारपट्ट्यात भांड्यांच्या ज्या दुकानांत मोड घेतात, तिथे विचारा. ‘जुने चमचे आहेत का?’ असे विचारलेत तर नवेच दाखवतील. ‘मोडीत आलेला माल बघू द्या’ म्हणा. मोडीचे पोते वितळवायला जाण्याआधी उघडून दाखवायला बरेच दुकानदार तयार असतात. भंगारवाल्याकडे तुमचा फोन नंबर देऊन ठेवा. जुने भांडे देऊन नवे नेणारी घरे आणि कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यांच्याकडूनही माल फिरतो.

घरगुती माल सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा. जुना वाडा रिकामा होतोय, फ्लॅटमध्ये सामान मावत नाही, असे कळले की आधी फडताळातल्या चमच्यांबद्दल विचारा. काटे आणि जेवणाच्या सुऱ्या मराठी घरांत कमीच सापडतील. पळ्या, डाव, ओगराळी आणि वाढायचे चमचे मात्र भरपूर मिळतील. जमवायला सुरुवात यांच्यापासूनच करा, पैसे कमी अडकतात.

गावाबाहेर जायचे तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथली पक्की दुकाने शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघू नका. सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेतले चमचे मात्र नवे असतात. कोणी ‘जुना माल’ म्हणून दाखवला, तर पुढच्या स्टॉलवर तोच नग शोधा. बहुधा सापडेल.

केव्हा जावे

दसरा ते धनत्रयोदशी हा सगळ्यात चांगला काळ. घरे झाडली जातात, नव्या भांड्यांसाठी जुनी मोडीत जातात. दुकानात सकाळी जा. संध्याकाळच्या गर्दीत पोते उघडून दाखवायला कोणाला वेळ नसतो आणि पिवळ्या दिव्याखाली ओरखडेही दिसत नाहीत.

काय तपासायचे

लोहचुंबक खिशात ठेवा, पण त्याच्या एकट्याच्या निकालावर विसंबू नका. १८/८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आजच्या भाषेत ३०४. याला चुंबक चिकटत नाही किंवा दांड्याच्या कडेला अगदी किंचित ओढ घेतो. चमचा घट्ट चिकटला तर त्यात निकेल नाही. तो टाकाऊ नसतो, पण १८/८ चा भाव त्याला देऊ नका. खरी फसवणूक पुढे आहे. २०१ आणि २०२ या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ हे वाक्य ऐकले की सावध व्हा. ही प्रत ओळखायला मँगनीज तपासणारा द्राव मिळतो. मागच्या बाजूला एक थेंब टाका, रंग पाहा, लगेच पुसा. मोठा संच घेत असाल तर एमआयडीसीतल्या एखाद्या स्टील व्यापाऱ्याकडे धातू तपासणीचे हातयंत्र आहे का विचारा आणि एका नगाचे काय घेणार ते आधी ठरवा.

सुरीचा नियम वेगळा. धार टिकावी म्हणून पाते कडक स्टीलचे करतात, त्याला चुंबक चिकटतोच. त्यावरून सुरी नकली ठरवू नका. सुरी कानाजवळ धरून हलवा. पोकळ मुठीत खडखड झाली तर आतला भराव सुटलाय. दुरुस्ती परवडत नाही, सोडून द्या.

चमचा उजेडात आडवा धरून मानेकडे पाहा. तिथे बारीक लाटा दिसल्या तर तो वाकवून सरळ केलेला आहे, पुन्हा तिथेच वाकेल. काट्याची टोके टेबलावर टेकवा, चारही एकदम टेकली पाहिजेत. काळे बारीक खड्डे पॉलिशने जात नाहीत. लाकडी मुठीच्या नगात लाकूड आणि धातू जिथे मिळतात तिथे नख फिरवा. फट लागली तर पाणी आत गेलेले आहे.

शिक्का काय सांगतो

शिक्का दांड्याच्या मागे असतो, भिंगाने वाचा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर नग १९४९ ते १९९० मधला. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचा. ‘रोस्टफ्राय’ आणि ‘इनॉक्स’ म्हणजे फक्त न गंजणारे, ती कंपनीची नावे नव्हेत आणि त्यांचे जादा पैसे लागत नाहीत. ‘क्रोमार्गन’ हा डब्ल्यूएमएफ या जर्मन कंपनीचा शिक्का, त्याला भाव आहे. ‘ईपीएनएस’ असेल तर ते स्टीलच नव्हे, जर्मन सिल्व्हरवर चांदीचा पातळ मुलामा आहे. चांदीच्या भावाने कोणी देऊ लागला तर उठून या. मुलामा उडून खालचा पिवळसर धातू दिसत असेल तर आंबट पदार्थाला वापरू नका.

आपल्याकडच्या नगांवर शिक्क्यापेक्षा कोरलेले नाव जास्त उपयोगाचे. लग्नात, मुंजीत, कोणाच्या स्मरणार्थ दिलेल्या भांड्यावर नाव आणि बरेचदा तारीखही असते. हाताने घातलेले नाव छिन्नी-हातोडीच्या सुट्या टिंबांचे असते. बोट फिरवले की टिंबे लागतात, काही खोल, काही उथळ. मशीनची रेघ सलग आणि एकसारखी. जुनी तारीख आणि टिंबांचे नाव एकत्र मिळाले तर वयाचा याहून चांगला पुरावा बाजारात मिळणार नाही. ‘नाव पुसून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. नाव गेले की तुमचा पुरावा गेला.

किती द्यायचे

या मर्यादा ठरवून घ्या. बिनशिक्क्याचा सुटा चमचा ३० रुपयांपर्यंत. वाचता येणारा शिक्का किंवा तारखेसह नाव असेल तर १०० पर्यंत. सारख्या नक्षीचे सहा नग एकत्र मिळाले तर सुट्या भावावर एक चतुर्थांश जास्त द्यायला हरकत नाही, कारण जोड शोधत बसण्याचा वेळ वाचतो. पाच नगांच्या संचाला सहाचा भाव देऊ नका. सहावा पुढे मिळेल, या आशेचे पैसे विक्रेता आत्ताच घेत असतो.

परदेशी नावाजलेल्या नमुन्यांना वेगळा नियम. आर्ने याकबसन यांचा १९५७ चा ‘एजे’ संच किंवा डेव्हिड मेलर यांचा १९५३ चा ‘प्राइड’ हे नमुने नंतरही बनत राहिले. त्यामुळे आधी नव्या नगाची किंमत बघा, मग जुन्याची बोलणी करा. येन्स क्विस्टगार्ड यांच्या ‘फ्योर्ड’ची सागवानी मूठ तडकलेली असेल तर भाव निम्म्यावर आणा.

लपलेले खर्च

प्रवास धरायला विसरू नका. पुण्यात ६० रुपयांप्रमाणे १२ नग घेतले, ७२० झाले. तिकीट, रिक्षा, जेवण मिळून १,००० धरले तर एक नग पडला १४३ रुपयांना. मोडीतून ९० ला मिळणारा चमचा त्याहून स्वस्त.

वजनावर घेताना वजनकाट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा मुदतीतला शिक्का बघा. पिशवीसह वजन करू देऊ नका. पॉलिशचा दर नगावर की किलोवर, ते आधी विचारा आणि पहिल्यांदा एकच नग द्या. जोरात बफ मारला की शिक्का पुसला जातो, कडा बोथट होतात. पुन्हा विकताना भाव पडतो तो त्यामुळेच.

ऑनलाइन घेताना आगाऊ पैसे देऊ नका. ‘पैसे परत मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा’ असे कोणी म्हणाले तर स्कॅन करू नका, पैसे मिळवायला स्कॅन लागत नाही. फसगत झालीच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा.

परदेशातून मागवताना वस्तूची किंमत म्हणजे अंतिम किंमत नव्हे. ड्युटी वस्तू, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते. वर आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीची क्लिअरन्स फी. केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात, ते तयार ठेवा, नाहीतर पार्सल अडकते. नातेवाईक येताना आणणार असतील तर सुऱ्या चेक-इन सामानात ठेवायला सांगा, हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

कोणती कागदपत्रे

हे नग शंभर वर्षांचे नाहीत, त्यामुळे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न नाही. नोंदणी करून देतो म्हणून कोणी फी मागितली तर देऊ नका. जुन्या नगावर आयएसआयची खूण नसणार, त्याबद्दलही काळजी नको.

काळजी घ्यायची ती रेल्वेच्या मालाची. सोलापूर हे मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे, इथे रेल्वेचे शिक्के असलेले चमचे दिसणे साहजिक. जीआयपी रेल्वेची १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. म्हणून ‘जीआयपी’चा शिक्का त्याआधीचा, आणि तो नग बहुधा ईपीएनएस. पण १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा कडक आहे. चोरीचा संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हाला दाखवावे लागते. लिलावाचा कागद किंवा विक्रेत्याची सही असलेली पावती नसेल तर रेल्वेचा नग घेऊ नका, कितीही स्वस्त असो. हॉटेल आणि विमान कंपन्यांच्या शिक्क्यांनाही हीच खबरदारी लावा.

बाकी प्रत्येक खरेदीत चार गोष्टी घ्या: तारखेची पावती, विक्रेत्याचे नाव आणि नंबर, नगांची संख्या आणि ‘१८/८’ असे सांगून विकले असेल तर ते पावतीवर लिहून. तोंडी शब्द तक्रारीत टिकत नाही.

फसवणूक झाली तर

बिल न देणे, किंवा सदोष माल बिलावरच्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत नाही’ या पाटीला घाबरू नका. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत २ वर्षांची. शेजाऱ्याकडून किंवा एखाद्या घरातून घेतलेल्या मालाला मात्र हे संरक्षण मिळणे अवघड, तिथे तपासणी हीच तुमची हमी.

घरी आणल्यावर

कोमट पाणी, साबण आणि मऊ फडके एवढेच वापरा. तारेचा काथ्या नको, त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके पडतात. ब्लीच आणि मिठाचे पाणी टाळा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या रसाने निघतात, लगेच धुऊन कोरडे करा. लाकडी मुठी भिजत टाकू नका.

पहिल्या खरेदीला ५०० रुपयांची मर्यादा घाला आणि ते गावातल्या मोडीतच खर्च करा. पाच-सहा नग हाताळले की स्टीलची प्रत, शिक्का आणि बफ केलेली कड नजरेत बसते. पावती नाही तर खरेदी नाही, हा नियम मात्र पहिल्या चमच्यापासून पाळा.